किडनी दुखत नाही. तिच्या खुणा ओळखा!

दुखले की आजार आणि दुखायचे थांबले की बरे, असा आपल्या कष्टकरी घरांतील सर्वसाधारण हिशेब असतो. हातावर पोट असलेल्या माणसाला तो सोयीचाही वाटतो. एक दिवस दवाखान्यात गेला म्हणजे एक दिवसाचा रोज बुडाला. त्यामुळे अंथरुणाला खिळल्याशिवाय कोणी डॉक्टरांकडे जात नाही. पण शरीरातील एक अवयव असा आहे की त्याच्या बाबतीत हा हिशेब साफ चुकतो. तो अवयव म्हणजे मूत्रपिंड, अर्थात किडनी. किडनी हळूहळू निकामी होत असते तेव्हा ती बहुधा दुखत नाही. तिचे निम्म्याहून अधिक काम बंद पडले तरी माणूस कामावर जातो, जेवतो, लग्नकार्यात राबतो. आणि ज्या दिवशी कळते त्या दिवशी डॉक्टर एकदम डायलिसिसचे नाव काढतात.

सामाजिक कामाच्या निमित्ताने सातारा, कराड, सांगली, मिरज येथील रुग्णालयांत आम्हाला वरचेवर जावे लागते. कोणाचा अर्ज लिहून द्यायचा असतो, कोणाच्या रेशनकार्डाची अडचण असते. डायलिसिस विभागाबाहेरच्या बाकावर बसलेल्या नातेवाइकांना आम्ही विचारतो, 'सुरुवातीला काय होत होते?' उत्तर बहुतेक एकच मिळते : 'काही नव्हते हो, नुसती सूज यायची.' या 'नुसती' शब्दाने अनेक घरांची वर्षे वाया घालवली आहेत. आम्ही डॉक्टर नाही, कारकून आहोत. औषध सांगणे आमचे काम नव्हे. परंतु कोणत्या खुणा दिसल्या की डॉक्टरांकडे जायचे, एवढे प्रत्येक घराला ठाऊक असले पाहिजे, म्हणून हा लेख.

किडनी करते तरी काय?

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, खालच्या बरगड्यांच्या आडोशाला, मुठीएवढ्या दोन किडन्या असतात. प्रत्येकीत सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. या गाळण्यांतून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातला जवळजवळ सगळा शरीराला परत मिळतो आणि घाण तेवढी दीड-दोन लिटर लघवीतून बाहेर पडते.

पण किडनीचे काम लघवी तयार करण्यापुरते नाही. रक्तदाब काबूत ठेवणे, शरीरातील क्षारांचा तोल राखणे, हाडे मजबूत ठेवणे, नवे रक्त तयार व्हावे म्हणून लागणारा रस पुरवणे ही सगळी कामे तिचीच. म्हणून किडनी बिघडली की तक्रार भलतीकडेच सुरू होते. रक्त कमी होऊन चेहरा पांढुरका पडतो, जिना चढताना दम लागतो, अंगाला खाज सुटते, जेवण नकोसे होते. माणूस टॉनिक घेतो, खाजेचा मलम आणतो, पित्ताची गोळी खातो. मूळ आजार मात्र आत वाढतच राहतो.

लघवीकडे पाहायला लाज कसली?

सर्वांत आधी बोलते ती लघवी. पण तिच्याविषयी बोलायची आपल्याला लाज वाटते. सासू सुनेला सांगत नाही, बाप मुलाला सांगत नाही. ही लाज सोडली पाहिजे. खालील बदल दिसले तर तपासणी करून घ्यावी :

लघवीला साबणासारखा फेस येणे व तो बराच वेळ न विरणे. अधूनमधून थोडा फेस कोणालाही येतो, पण रोज येऊ लागला तर लघवीतून प्रथिने जात असण्याची शक्यता असते. लघवी लाल, कोकमासारखी किंवा काळ्या चहासारखी होणे. रात्री पूर्वी एकदा उठणारा माणूस तीन-चार वेळा उठू लागणे. पुरेसे पाणी पिऊनही दिवसभरात लघवी फारच कमी होणे. लघवी करताना जळजळ, थंडी वाजून ताप. उतारवयातील पुरुषांत धार बारीक होणे, थेंब थेंब लघवी होणे, पोट मोकळे न झाल्यासारखे वाटणे. 'वय झाले, चालायचेच,' असे म्हणून वडीलधारी मंडळी हे अंगावर काढतात. पण तुंबलेली लघवी मागे दाब देऊन दोन्ही किडन्या खराब करू शकते, आणि वेळेवर इलाज झाला तर त्या वाचतातही.

सूज : सकाळची आणि संध्याकाळची

सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती आणि चेहऱ्यावर फुगवटा दिसणे, संध्याकाळी घोट्यावर पायमोज्याचा किंवा चपलेच्या पट्ट्याचा वळ उमटणे ही महत्त्वाची खूण आहे. नडगीवर अंगठा काही क्षण दाबून धरावा. काढल्यावर खळगा तसाच राहिला तर ती सूज आहे, अंग भरलेले नव्हे. पायावरची सूज हृदयाच्या, यकृताच्या आजारानेही येते. पण कोणत्याही कारणाने आली तरी ती डॉक्टरांना दाखवायचीच असते.

आजार पुढे गेला की तोंडाला धातूसारखी चव येते, श्वासाला उग्र वास येतो, सकाळी मळमळते, पायांत गोळे येतात, आडवे झाले की श्वास अडकतो. या खुणा दिसेपर्यंत थांबायचे नाही. दिसल्याच तर त्या दिवशीच रुग्णालय गाठायचे.

लहान मुलांकडे तर विशेष लक्ष हवे. दोन ते सहा-सात वर्षांचे मूल सकाळी सुजलेल्या डोळ्यांनी उठते, पोट मोठे दिसते आणि शेजारीण म्हणते, 'बाळसं धरलंय हो!' ते बाळसे नसून लघवीतून प्रथिने गेल्याने आलेली सूज असू शकते. योग्य औषधाने यातील बहुतेक मुले सुधारतात. तसेच घसा दुखून गेल्यावर एक-दोन आठवड्यांनी किंवा अंगावरची खरूज, फोड चिघळल्यावर काही आठवड्यांनी मुलाची लघवी तांबडी झाली आणि चेहरा सुजला, तर तोही किडनीचाच दाह असू शकतो. खरजेवर वेळीच इलाज करणे म्हणजे किडनीही सांभाळणे होय. गरोदर भगिनींच्या चेहऱ्यावर, हातांवर सूज, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी असेल तर बी.पी. आणि लघवी त्याच दिवशी तपासावी.

कंबर दुखते म्हणून किडनी सांभाळणारे

आता एका मोठ्या गैरसमजाविषयी. कंबर धरली की पुष्कळांना वाटते, किडनी गेली. वास्तविक रोजची कंबरदुखी बहुतेक वेळा स्नायूंची, मणक्याची, ओझ्याची असते. मुतखड्याची कळ निराळी. ती कुशीतून जांघेकडे उतरते, माणूस गडाबडा लोळतो. हळूहळू निकामी होणारी किडनी मात्र बहुधा दुखतच नाही. म्हणजे दुखते तिथे किडनी नसते, आणि किडनी बिघडते तिथे दुखत नाही!

घोटाळा इथेच संपत नाही. त्या कंबरदुखीसाठी आपण जी गोळी घेतो, ती गोळीच किडनीला मारक ठरू शकते. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या वेदनाशामक गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. डॉक्टरांनी चार दिवस दिल्या तर निरोगी माणसाला सहसा बाधत नाहीत. पण दिवसभर उन्हात घाम गाळून, पाणी कमी पिऊन, रोज संध्याकाळी दुकानातून आणून महिनोन्महिने त्या खाल्ल्या, तर किडनीवर सतत घाला होतो. बी.पी.चे रुग्ण, मधुमेही आणि वयस्कर यांना धोका अधिक.

आमच्या परिचयाचे एक हमाल बंधू सांगलीत पोती वाहून उभे आयुष्य काढत होते. कामावरून आले की एक गोळी, असा त्यांचा अनेक वर्षांचा शिरस्ता. मध्येच कधी बी.पी. जास्त निघाले होते, पण डोके दुखत नाही म्हणून औषध बंद केले. पायाला सूज आली तेव्हा उभे राहण्याच्या कामाला दोष दिला. मळमळू लागले तेव्हा पित्ताला. शेवटी दम लागला म्हणून रुग्णालयात नेले, तर दोन्ही किडन्या निकामी. यात त्या गोळ्यांचा वाटा किती आणि बी.पी.चा किती, हे डॉक्टरही वेगळे करून सांगू शकले नाहीत. परंतु दोन्ही गोष्टी टाळण्यासारख्या होत्या, हे आम्ही त्यांच्या मुलांना आणि आता आपणा सर्वांना सांगत आहोत.

दुखण्यावर काय घ्यावे हे डॉक्टरांना विचारावे. ठरलेल्या मात्रेतले पॅरासिटामॉल त्या मानाने किडनीला सोसते. गावोगाव फिरणाऱ्या वैदूच्या पुड्या आणि कोणी सांगितलेली भस्मे यांपासूनही दूर राहावे. त्यांत पारा, शिसे असे धातू असू शकतात.

साखर आणि बी.पी. : दोन मुख्य शत्रू

किडनी निकामी होण्याची सर्वांत मोठी दोन कारणे म्हणजे मधुमेह आणि उच्च रक्तदाब. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही आयुष्याच्या उत्तरार्धात मधुमेहाने ग्रासले होते. त्यांचे औषधपाणी आणि पथ्य सांभाळणाऱ्या माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या. प्रत्येकाच्या घरात डॉक्टर असणे शक्य नाही. पण गोळीची वेळ आणि तपासणीची तारीख सांभाळणारे एक माणूस प्रत्येक घरात असू शकते.

मधुमेहींनी एक फसवी खूण लक्षात ठेवावी. वर्षानुवर्षे जास्त असलेली साखर अचानक कमी येऊ लागते, गोळी किंवा इन्सुलिन घेतल्यावर घाम फुटून चक्कर येते. घरचे म्हणतात, 'बघा, साखर बरी झाली!' कधीकधी खरी गोष्ट उलटी असते. बिघडलेली किडनी इन्सुलिन वेळेवर बाहेर टाकत नाही, ते अंगात साठते आणि साखर उतरते. अशा वेळी पेढे न वाटता किडनीची तपासणी करावी.

बी.पी. १४० वर ९० किंवा त्याहून अधिक वारंवार येत असेल तर ते जास्त आहे. तिशीच्या आतील तरुणाचे इतके बी.पी. असेल तर मूळ कारण किडनीत आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. बी.पी. वाढल्याने किडनी बिघडते आणि किडनी बिघडल्याने बी.पी. वाढते. हे चक्र गोळीने थांबवता येते. 'बरे वाटते' म्हणून गोळी बंद करणे म्हणजे ते चक्र पुन्हा सुरू करून देणे.

उसाचा फड, नदीचा पूर आणि साप

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत कृष्णाकाठी ऊस आहे. हंगाम सुरू झाला की बीडकडून आणि इतर दुष्काळी भागांतून कोयता घेऊन कुटुंबे येतात. पहाटेपासून तोडणी, मग मोळ्या बांधणे, गाडी भरणे. पाण्याची घागर दूर आणि उचल फेडायची घाई. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर आणि निकाराग्वा या देशांत याच कामातील तरुण मजुरांच्या किडन्या मोठ्या प्रमाणावर निकामी झाल्या. त्यांना मधुमेह नव्हता, रक्तदाबही नव्हता. उष्णता, पाण्याची कमतरता आणि अतिश्रम हे त्यामागचे महत्त्वाचे कारण मानले जाते. तेथे पाणी, सावली आणि ठरावीक विश्रांती या तीन गोष्टी फडावर देण्याचे प्रयत्न झाले. आपल्याकडेही मुकादमाने आणि कारखान्याने एवढे करायला हवे, आणि आपण ते मागायला हवे.

स्त्रियांची अडचण आणखी वेगळी. फडात, बांधकामावर, बाजारात आडोसा नसतो म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि लघवी दाबून ठेवतात. त्यातून जंतुसंसर्ग होतो, खडे होतात. हा संसर्ग वर किडनीपर्यंत चढला तर थंडी-ताप येतो. कामाच्या जागी स्वच्छतागृह असणे हा म्हणूनच आरोग्याचाही प्रश्न आहे.

फडात घोणस असते. घोणस चावल्यावर रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि किडनी काही तासांत, दिवसांत बंद पडू शकते. साप चावलेल्या माणसाला देवऋषाकडे न नेता थेट सरकारी रुग्णालयात न्यावे, कारण सर्पदंशाची लस हाच इलाज आहे. त्यानंतरही लघवी किती होते आणि लाल होते का, यावर लक्ष ठेवावे. वेळीच डायलिसिस मिळाले तर अशा किडन्या अनेकदा पुन्हा चालू होतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीने महापूर पाहिला, २०२१ मध्येही पाणी चढले. पुराच्या पाण्यात उंदरांच्या मुत्रातून येणारा लेप्टोचा आजार असू शकतो. चिखलात काम केल्यावर ताप, डोळे लाल, पोटऱ्या ठणकणे, डोळ्यांत पिवळेपणा आणि लघवी कमी होणे, असे दिसले तर साधा ताप समजून घरी बसू नये. जुलाब-उलट्यांनी अंगातील पाणी गेले तरीही किडनीवर आघात होतो. जलसंजीवनी लगेच सुरू करावी.

तपासणी कोणती आणि वही कशी?

तीन गोष्टी पुरेशा आहेत : बी.पी. मोजणे, लघवीची तपासणी आणि रक्तातील क्रिएटिनिन. मधुमेहींनी लघवीतील अल्ब्युमिनचीही तपासणी सांगून करून घ्यावी, कारण किडनीला पहिला धक्का बसतो तो तिथे दिसतो. मधुमेह किंवा बी.पी. असलेल्यांनी, घरात कोणाला किडनीचा आजार असलेल्यांनी, वारंवार खडे होणाऱ्यांनी आणि वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांनी वर्षातून एकदा तरी या तपासण्या कराव्यात. आरोग्य केंद्रात तीस वर्षांवरील माणसांचे बी.पी. आणि साखर तपासतात. पुढील तपासण्यांसाठी साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय, कराडचे वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय, सांगलीचे वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

आम्हा कारकुनांना आकड्यांची सवय असते, म्हणून एक सूचना करतो. शाळेची एक साधी वही घ्या. उभ्या रेघा मारून तारीख, वजन, बी.पी., साखर, क्रिएटिनिन, लघवीतील प्रथिने असे रकाने पाडा. प्रत्येक रिपोर्ट आला की आकडा उतरवा. कारण एकटा आकडा फसवतो. क्रिएटिनिन ०.९ होते, मग १.२ झाले, तर रिपोर्टवर ते बहुधा 'नॉर्मल' रकान्यातच बसेल. पण वहीत ते चढताना दिसेल. शिवाय हे द्रव्य स्नायूंतून तयार होते. त्यामुळे कृश बांध्याच्या बाईला १.२ हा आकडाही जास्त असू शकतो, आणि किडनीची निम्मी ताकद जाईपर्यंत तो वाढत नाही असेही घडते. म्हणून वय धरून काढलेला किडनीच्या क्षमतेचा आकडा, म्हणजे ई-जीएफआर, डॉक्टरांना विचारावा. तो तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला तर किडनीचा जुनाट आजार समजतात.

एक कडू हिशेब

किडन्या पूर्ण निकामी झाल्या तर आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिस करावे लागते आणि प्रत्येक वेळी सुमारे चार तास लागतात. तीन वेळा धरले तर वर्षाला १५६ खेपा. जत किंवा माण तालुक्यातल्या वस्तीवरून मिरजेला, साताऱ्याला जाणे-येणे म्हणजे पुरा दिवस. रुग्णाचे १५६ दिवस आणि सोबत येणाऱ्याचे १५६, मिळून ३१२ रोज बुडाले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. रेशनकार्ड आणि ओळखपत्र घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे. २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांतही सोय झाली आहे. पण उपचार फुकट झाला तरी बुडालेला रोज कोणी भरून देत नाही.

तरीही ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांनी खचू नये. आणीबाणीत अटकेत असलेल्या जयप्रकाश नारायण यांना १९७५ च्या नोव्हेंबरात सुटकेनंतर मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणले, तेव्हा त्यांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी निधन होईपर्यंत ते डायलिसिसवर जगले, आणि १९७७ च्या निवडणुकीत देशाचे राजकारण त्यांच्याभोवती फिरले. डायलिसिस म्हणजे शेवट नव्हे. मात्र ठरलेला दिवस चुकवायचा नाही.

घरात काय सांभाळावे?

मीठ दिवसाला पाच ग्रॅमपर्यंत, म्हणजे सपाट चहाचा एक चमचा. त्यात पापड, लोणचे, सुकट-बोंबील यांतले मीठही आले. तंबाखू, मिश्री, बिडी बंद. उन्हात काम करणाऱ्या निरोगी माणसाने तहानेची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहावे. परंतु ज्याला सूज आहे किंवा किडनीचा आजार ठरला आहे, त्याने पाणी डॉक्टर सांगतील तेवढेच घ्यावे. 'किडनीला नारळपाणी चांगले' हा सल्ला अशा रुग्णाला घातक ठरू शकतो. नारळपाणी, केळी, मोसंबीचा रस यांत पोटॅशियम पुष्कळ असते. आजारी किडनी ते बाहेर टाकू शकत नाही आणि त्याचा परिणाम थेट हृदयावर होतो.

भगिनींनो, घरातील सर्वांची सूज, भूक आणि झोप आधी तुमच्याच नजरेस पडते. स्वतःची मात्र शेवटी. या खेपेला वहीच्या पहिल्या पानावर तुमचे स्वतःचे नाव लिहा. दरवर्षी मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी जागतिक किडनी दिन पाळतात, पण त्या दिवसाची वाट पाहायचे कारण नाही. येत्या सुट्टीच्या दिवशी वही आणा, रकाने पाडा, आणि त्या आठवड्यात घरातील थोरामोठ्यांचे बी.पी. मोजून पहिला आकडा लिहा. दुखण्याची वाट पाहू नका. किडनी दुखत नाही.